पाट्यांच्या गावात हातचा फॉन्ट: मार्करपासून मोबाइलपर्यंत

पुण्यात नारायण पेठेत एका दुकानाच्या शटरवर पेंटरकाका ‘दुग्धालय’ लिहीत होते. मी रस्त्याच्या पलीकडे पाऊण तास उभी राहून बघत होते. खडूनं मारलेल्या दोन फिकट रेघा, काठीवर टेकवलेलं मनगट आणि लाल ऑइलपेंट. त्यांनी आधी अख्खा शब्द लिहिला. द चा उकार पुढच्या ग्ध ला लागू नये म्हणून किंचित डावीकडे ओढला, ल ची पाकळी जरा फुगवून य साठी जागा राखली. डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात मारली. ती रेघ पडेपर्यंत अक्षरं सुटी होती, ती पडल्यावर शब्द झाला.

हाताच्या वळणाचा, खेळकर, पाटीवर किंवा पत्रिकेवर मोठ्या आकारात वापरायचा देवनागरी फॉन्ट करायला बसाल, तेव्हा हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवा. आपण बाराखडीचा तक्ता भरत नाही, शब्द लिहितो आहोत. पुढची प्रत्येक पायरी याच गोष्टीशी येऊन थांबते.

आधी वीस ओळी लिहा

कागद-मार्कर हातात घेण्याआधी हा फॉन्ट काय लिहायला लागणार आहे, ते ठरवा. ‘सगळ्यासाठी’ असं उत्तर असेल तर काम कधीच संपणार नाही. माझा फॉन्ट सोसायटीच्या गणपतीतले फलक, मुलांच्या शिबिरांची पोस्टरं आणि व्हॉट्सॲपवरची आमंत्रणं एवढ्यापुरता होता. म्हणून मी खऱ्या वापरातल्या वीस ओळी वहीत उतरवल्या. ‘आजचा खाऊ: उकडीचे मोदक’, ‘चपला ओळीत काढाव्यात’, ‘दारासमोर गाड्या लावू नयेत’, ‘वऱ्हाडी मंडळींनी आधी चहा घ्यावा’, ‘डोळ्यांची मोफत तपासणी’, ‘सर्वांना आग्रहाचं निमंत्रण’.

अशा ओळी तुमच्या तुम्हीच लिहा. कोणती जोडाक्षरं लागतात, कोणती लागत नाहीत, हे त्यातूनच कळतं. वरच्या सहा ओळींतच ड्य, ऱ्ह, ळ्य, र्व, ग्र आणि त्र आलेत.

याच टप्प्यावर आधीची कामंही बघून घ्या. गूगल फॉन्ट्सवर ‘कलम’ आहे, तिरक्या हस्ताक्षरासारखा. ‘बलू’ गोलमटोल आहे. ‘मोदक’ इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा जेमतेम रेघेएवढी उरते. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. चौघांच्या डोक्यावरची रेघ मोठी करून बघा. प्रत्येकानं तिचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय.

डोक्यावरच्या रेघेचं काय करायचं

रोमन अक्षरांचा गमतीशीर फॉन्ट करणारे लोक अक्षरं तळरेषेवर वरखाली नाचवतात आणि काम होतं. आपल्याकडे तसं केलं तर शिरोरेघ तुटते, आणि शब्द पायऱ्या पायऱ्यांचा दिसायला लागतो. देवनागरी अक्षर वरून बांधलेलं असतं, खालून मोकळं असतं. म्हणून आपल्या लिपीत खेळ करायचा तो खाली. दांडीचा पाय कमीजास्त लांब, र ची शेपटी जरा वळलेली, ग चा गोल फुगलेला, ट चं पोट सुटलेलं. वरची बाजू शांत आणि खालची बाजू चालती असली की शब्द हसरा वाटतो आणि वाचताही येतो.

रेघेचे तीन मार्ग आहेत. पहिला, सरळ जोडलेली रेघ, तिच्या कडा मात्र हातच्या, थोड्या खडबडीत. दुसरा, लाटेसारखी रेघ. हा मोहात पाडतो, पण त्यात एक अट आहे: लाट अक्षराच्या आत कशीही वळू दे, डाव्या आणि उजव्या टोकाला ती ठरलेल्या एकाच उंचीवर, एकाच जाडीनं आणि आडवीच पोचली पाहिजे. नाहीतर क नंतर म चालेल आणि क नंतर स आला की रेघेला खाच पडेल. तिसरा मार्ग म्हणजे रेघच नाही, किंवा प्रत्येक अक्षराची आपली वेगळी छोटी तिरपी टोपी.

तिसरा मार्ग घेणार असाल तर घ आणि ध, म आणि भ या दोन जोड्या आधी लिहून बघा. या जोड्यांमधला बराचसा फरक शिरोरेघ सलग आहे की तुटलेली, यावरच कळतो. रेघ काढून टाकली की ध आणि भ च्या डोक्यावरची गाठ चांगली ठळक करावी लागते. ‘धन’ आणि ‘घन’ शेजारी लिहून घरातल्या कुणाला तरी लांबून वाचायला सांगा.

पहिला फॉन्ट करणाऱ्यानं पहिलाच मार्ग घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. लाटेचा फॉन्ट दुसऱ्या खेपेला करा.

साहित्य

अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत सगळं मिळतं. मला ५ मिमी गोल टोकाचा मार्कर बरा वाटतो, एकसारखे दोन घ्या. टोक झिजत जातं आणि शेवटची अक्षरं पहिल्यांपेक्षा जाड यायला लागतात, त्यामुळे अर्ध्यावर मार्कर बदला. साध्या ७५ जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर शाई फुटते आणि कडा केसाळ होतात. १२० किंवा त्याहून जाड कागद घ्या. खाली आखलेला कागद ठेवून खिडकीच्या काचेवर किंवा काचेच्या टीपॉयखाली दिवा लावून काढा, म्हणजे रेघा स्कॅनमध्ये येत नाहीत.

आखणी अशी करा: शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंत ३५ मिमी, रेघेच्या वर मात्रा-वेलांटी-रफारासाठी २० मिमी, पायाखाली उकारासाठी २० मिमी. हे आकडे पुढे फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये फार सोयीचे पडतात, तिथे परत येऊ.

काढायला सुरुवात

क, ख, ग अशा क्रमानं काढत गेलात तर ज्ञ पर्यंत पोचेपर्यंत हात बदललेला असतो. अक्षरं घराण्यांनुसार काढा. व आला की ब आणि क येतात. प मधून ष आणि फ. र मधून स आणि ख. ट मधून ठ आणि ढ. ग, न, म, भ या चौघांच्या दांडीचं आणि गाठीचं वळण एकच ठेवा.

आणि प्रत्येक अक्षर शब्दातच काढा. ‘कमळ’, ‘गवत’, ‘हौद’, ‘फणस’, ‘झबलं’, ‘ठसका’, असे शब्द भराभर पाच-पाच वेळा लिहायचे, आणि त्यातलं सगळ्यात जिवंत अक्षर निवडायचं. सुटं, एकटं, जपून काढलेलं अक्षर नेहमी ताठ येतं. शब्दातलं अक्षर शेजाऱ्याचा अंदाज घेऊन वळलेलं असतं. तो अंदाजच आपल्याला फॉन्टमध्ये हवा आहे.

मराठी वळणं सांभाळा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं ठरवून दिली आहेत. बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचे ल आणि श मूळ जागी असतात आणि मराठी रूपं कुठेतरी पर्यायांत दडलेली असतात. तुमचा फॉन्ट मराठीसाठीच असेल तर सरळ मराठी रूपंच मूळ जागी बसवा. ॲ आणि ऑ विसरू नका, ‘ॲप’ आणि ‘ऑफर’ हल्ली प्रत्येक फलकावर असतात. ळ ला मात्र जास्तीचा वेळ द्या. दोन गोलांचं हे अक्षर आपल्या भाषेचं लाडकं आहे, आणि खेळकर फॉन्टची ओळख त्याच्यावरच ठरते.

आकडे, स्वल्पविराम, पूर्णविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, अवतरणं, कंस आणि रुपयाचं चिन्ह त्याच बैठकीत काढून टाका.

वेलांटी

दुसरी वेलांटी त्रास देत नाही. तिची दांडी उजवीकडे असते आणि कमान अक्षराच्या दांडीवर टेकते. पहिली वेलांटी मात्र डावीकडून निघून अख्खं अक्षर ओलांडते. ‘दि’ मधलं द अरुंद, ‘मि’ मधलं म मध्यम, ‘णि’ मधलं ण रुंद. एकच कमान तिन्हींना पुरत नाही: द वर ती पुढे लोंबते आणि ण वर अर्ध्यातच संपते. ‘स्त्रिया’ किंवा ‘परिस्थिती’त तर तिला दीड-दोन अक्षरांची मजल मारायची असते.

म्हणून पहिल्या वेलांटीची किमान चार मापं काढा: अरुंद, मध्यम, रुंद आणि जोडाक्षराची. कोणत्या अक्षराला कोणतं माप, याची यादी वहीत करून ठेवा. नियम लिहिताना तीच जशीच्या तशी वापरायची आहे.

जोडाक्षरं: ‘गाड्या’ची गोष्ट

माझा पहिला प्रयत्न असा होता: हस्ताक्षराचा तक्ता भरून द्यायचा, स्कॅन चढवायचं आणि फॉन्ट तयार, अशी एक सोय इंटरनेटवर सापडली. फॉन्ट आला, अक्षरं माझीच होती, मला फार आनंद झाला. मुलांसाठी ‘टाकाऊतून गाड्या’ असं शिबिर होतं, त्याचा सहा फुटी फ्लेक्स केला. छापून आल्यावर पाहिलं तर पायमोडका ड, त्याच्या शेजारी मोकळी जागा, मग ‘या’. एका मुलीनं तो ‘गाड या’ असा वाचला. पडद्यावर मी नावाची ओळ मोठी करून पाहिली होती, तरी ड्य कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पैसे गेले, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की मुलांसमोर मराठी मोडकी दिसली.

कारण समजून घेतलं पाहिजे. न, म, स, प अशा उजव्या दांडीच्या अक्षरांचं अर्धं रूप सोपं असतं: दांडी काढा, उरतं ते अर्धं अक्षर. म्ह, न्ह, ल्ल, च्य, स्त हे सगळं अर्धं अधिक पूर्ण असं आपोआप जुळतं. पण ट, ठ, ड, ढ, ळ, द, ह यांना काढून टाकायला उजवी दांडीच नाही. फॉन्टमध्ये जोडाक्षराची वेगळी सोय नसेल तर सॉफ्टवेअर बिचारं हलन्त लावून मोकळं होतं.

यावर उपाय म्हणजे चिकटणारा य. ‘पाट्या’ हा शब्द हातानं मोठा लिहून बघा. ट च्या पोटापाशीच य सुरू होतो, त्याची डावी वळी आखडते आणि दांडी तेवढी पूर्ण राहते. असा एक आखडलेला य काढलात की ट्य, ठ्य, ड्य, ढ्य, ळ्य सगळे मार्गी लागतात: पाट्या, काठ्या, गाड्या, मेंढ्या, डोळ्यांत. मराठीत अनेकवचनं आणि सामान्यरूपं अशीच होतात, त्यामुळे हा छोटासा य दर दुसऱ्या वाक्यात लागतो. ज्या गावाला पाट्यांचं एवढं वेड आहे, तिथल्या फॉन्टला ‘पाट्या’ लिहिता आलंच पाहिजे.

बाकी हातानं काढायलाच हवीत अशी: क्ष, ज्ञ, त्र, श्र, त्त, द्य, द्ध, द्व, द्द, द्म, द्र, ह्य, ह्म, ह्न, ह्र, हृ, श्व, श्च, ट्ट, ट्र, ड्र, रु, रू. मग रफार आणि रफारासोबतचा अनुस्वार (‘सर्वांना’), रफारासोबतची दुसरी वेलांटी (‘गर्दी’). हे दोन-दोन तुकडे सुटे ठेवले तर एकमेकांवर चढतात, म्हणून जोडीनं एकत्र काढा.

आणि ऱ्य, ऱ्ह. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला र रफार होऊन डोक्यावर जात नाही, छोट्या आडव्या चंद्रकोरीसारखा पुढच्या अक्षराला डावीकडून टेकतो. ‘आचार्य’ लिहिणारा ‘आचाऱ्यांना’ लिहायला गेला की दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. ती कोर एकदाच काढायची.

एवढं सगळं मिळून मोजलं तर माझ्याकडे २४० च्या आसपास आकृत्या झाल्या. मोठ्या व्यावसायिक देवनागरी फॉन्टांत याच्या दुप्पट-तिप्पट असतात, पण फलकांसाठी एवढ्या पुरतात.

कागदावरून संगणकात

६०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर सकाळच्या उजेडात, सावली न पडू देता, मोबाइल कागदाला अगदी समांतर धरून फोटो काढा. इंकस्केप हे रेखाचित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या ‘ट्रेस बिटमॅप’नं शाईचा बाह्याकार करून घ्या. आता खरं काम. ट्रेस केलेल्या एका क च्या बाह्याकारावर दोनशे बिंदू आलेले असतात. ते ३०-४० वर आणा. धूळ, शाईचे शिंतोडे काढा, पण रेघेच्या टोकाशी मार्कर उचलल्याची जी खूण आहे ती राहू द्या. सगळं गुळगुळीत केलंत तर हात नाहीसा होतो. मी याची एक खूणगाठ ठेवली आहे: सरळ जागी बिंदू कमी, टोकाशी बिंदू जसेच्या तसे.

फॉन्टचं सॉफ्टवेअर

फॉन्टफोर्ज फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. ग्लिफ्स फक्त मॅकवर आहे, विकतचं आहे, पण देवनागरीचे बरेचसे नियम अक्षरांच्या नावांवरून स्वतःच तयार करतं. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी तेच घ्यावं.

अक्षराचा चौकोन १००० एककांचा ठेवा आणि १ मिमी म्हणजे २० एककं धरा. मग आपली ३५ मिमीची उंची ७०० होते, ५ मिमीची रेघ १००, वरची जागा ११०० पर्यंत आणि खालची वजा ४०० पर्यंत. शिरोरेघ ६०० ते ७०० च्या मध्ये. फॉन्टच्या माहितीत वरची-खालची मर्यादाही तेवढीच भरा. कमी भरलीत तर विंडोजवर रफार आणि उकार कापले जातात.

शिरोरेघेची दोन्ही टोकं अक्षराच्या हद्दीबाहेर १०-१० एककं काढा. शेजारच्या रेघा एकमेकींवर चढतात आणि मध्ये केसाएवढी फट दिसत नाही. ही फट पडद्यावर किंवा छपाईत दिसू शकते, म्हणून हे टाळू नका.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत. स्वर, व्यंजनं, चिन्हं, आकडे तिथे बसतात. जोडाक्षरांना आणि अर्ध्या अक्षरांना स्वतंत्र जागा नाही, ती ओपनटाइपच्या, म्हणजे फॉन्टच्या आतच लिहायच्या, नियमांनी मिळतात. नियमांचा क्रम महत्त्वाचा: आधी क्ष-ज्ञ सारखी अखंड, मग रफार, मग प्र-ग्र मधला र, मग अर्धी रूपं, मग खास जोडाक्षरं आणि सगळ्यात शेवटी वेलांटीची मापं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवायचं काम सॉफ्टवेअर करतं, तुम्ही त्यासाठी नियम लिहू नका. ऱ्य साठी ऱ आणि हलन्त मिळाले की कोर, असा नियम अर्ध्या रूपांत घाला. र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) या मार्गानं टाइप करणाऱ्यांसाठीही तीच कोर लावा. इन्स्क्रिप्ट की-बोर्डवर शिफ्ट धरून ‘J’ ही कळ दाबली की ऱ येतो, हे वापरणाऱ्यांना जरूर सांगा.

मात्रा, अनुस्वार आणि उकारासाठी प्रत्येक अक्षराला वर आणि खाली टेकूबिंदू, म्हणजे ते चिन्ह नेमकं कुठे बसेल हे सांगणारे बिंदू, द्यावे लागतात. आपण पाय कमीजास्त केलेत ना, मग खालचा टेकूही प्रत्येकाचा वेगळा. ट, ढ, ळ यांच्याखाली उकार मध्यावर, दांडीवाल्यांखाली दांडीपाशी.

एक हौसेचं काम उरतं. ‘मामा’, ‘काका’, ‘बाबा’ लिहिलं की दोन्ही अक्षरं हुबेहूब दिसतात आणि हातचेपणाचा भास जातो. क, त, न, म, य, र, ल, व, स आणि काना यांची दुसरी रूपं पाच-पाच नमुन्यांतून निवडून ठेवा, आणि लागोपाठ आलं तर दुसरं वापर असा नियम वेलांटीच्या मापांच्याही नंतर लावा. अर्ध्या तासाचं काम आहे, फलकावर फरक लगेच दिसतो.

तपासणी

वहीतल्या वीस ओळी लिब्रेऑफिसमध्ये टाइप करा, मग मोबाइलवर. इलस्ट्रेटरमध्ये अक्षरं फुटलेली दिसली तर फॉन्टला दोष देण्याआधी प्राधान्यांत (प्रेफरन्सेस) भारतीय भाषांचे पर्याय चालू आहेत का, ते पाहा.

फ्लेक्सच्या दुकानात जाताना मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, बदलून पीडीएफ न्या. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड जोडाक्षरं झेपतीलच असं नाही. उलट, त्यांनी जुन्या श्रीलिपीसारख्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर तुमच्या फॉन्टमध्ये टाकला तर अगम्य अक्षरं येतील, कारण तो मजकूर युनिकोड नाही. तो आधी बदलून घ्यावा लागतो.

आणि एक प्रत ए-थ्रीवर काढून दारावर लावा, रस्ता ओलांडून पलीकडून वाचा. घ-ध, भ-म, अनुस्वार आणि ड्य पलीकडून कळले की बास.

परवाना आणि नाव

फॉन्ट सगळ्यांना मोकळा द्यायचा असेल तर एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आवृत्ती १.१, घ्या. त्याचा मजकूर फाइलसोबत ठेवा. दुसऱ्याच्या अशा फॉन्टमधलं एखादं जोडाक्षर उचललंत तर तुमचा फॉन्टही त्याच परवान्यात जातो आणि नुसता विकता येत नाही, म्हणून सगळं स्वतःच्याच हातचं ठेवा. नावाला आवृत्तीचा आकडा पहिल्या दिवसापासून जोडा.

माझ्या फॉन्टची आवृत्ती १.०१ झाल्यावर शेजारच्या काकूंनी तो मागून घेतला आणि जिन्यात पाटी लावली: ‘लठ्ठ बोक्याला दूध घालू नये’. ठ्ठ माझ्या यादीत नव्हतं, पहिला ठ पायमोडका आला होता. त्या रात्री काढलं, दुसऱ्या दिवशी त्यांना पाटी बदलून दिली. १.०२ मध्ये तेवढं एकच अक्षर नवं आहे.